थंडी उतरेपर्यंत

थंडी तयार करता येत नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात कळलं. अजूनही कुणाला सांगितलं तर त्याला वाटतं बाई उगाच शब्दांचा कीस पाडते आहे. पण ते खरं आहे. उष्णता काढून नेली की मागे जे उरतं, त्याला आपण थंडी म्हणतो. आमचा कारखाना हेच काम करायचा. हवेतली उष्णता काढायची, बाहेर टाकायची, पुन्हा काढायची, पुन्हा टाकायची. शेवटी हवा दमून, पाण्यासारखी पातळ होऊन खाली बसायची.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचा ऑक्सिजन-नायट्रोजनचा छोटा प्लँट होता. मी तिथे केमिस्ट. पालघरहून कंपनीच्या बसने यायचे आणि त्याच बसने परत जायचे, कारण कायद्याने बाईला संध्याकाळी सातनंतर कारखान्यात थांबता येत नसे. प्रयोगशाळा म्हणजे एक ओटा, एक सिंक, दोन कपाटं आणि एक खिडकी. खिडकीतून कोल्ड बॉक्स दिसायचा. दोन मजले उंच, चंदेरी रंग दिलेला पत्र्याचा चौकोनी डबा. आत तांब्याच्या नळ्यांची भेंडोळी आणि द्रव हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन वेगळा करणारा एक मनोरा, आणि उरलेल्या जागेत ठासून भरलेली पांढरी भुकटी, बाहेरची उष्णता आत शिरू नये म्हणून.

पद्धत सांगायला सोपी आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो. दाबली की हवा तापते. आमच्या कॉम्प्रेसरमध्ये ती चार टप्प्यांत दाबली जायची आणि प्रत्येक टप्प्यानंतर पाण्याच्या नळ्यांनी तिची उष्णता काढून घेतली जायची. मग हवा दाबलेली असते, पण गरम नसते. आता तिला मोकळं सोडलं की ती पसरते, आणि पसरायला लागणारी ताकद तिला स्वतःच्याच अंगातून काढावी लागते. म्हणून ती गार पडते. मोकळं सोडायचे मार्ग दोन. एक, तिला इंजिनात घालून तिच्याकडून चाक फिरवून घ्यायचं. काम करून घेतलं की ती चांगलीच गार होते. दुसरा, तिला एका बारीक व्हॉल्व्हमधून सोडायचं. हा दुसरा मार्ग हवा आधीच बरीच गार असेल तरच कामाला येतो. म्हणून आधी इंजिन, मग व्हॉल्व्ह. आणि गार झालेली हवा वाया घालवायची नाही. येणाऱ्या हवेच्या नळ्यांना लागून तिला परत न्यायचं. येणारी तिच्यामुळे आणखी गार होते, पसरली की त्याहून गार होते, आणि परत जाताना आपल्या मागून येणाऱ्या हवेला गार करून जाते. अशी थंडी थंडीला ओढत खाली नेते. जवळजवळ चोवीस तास लागतात. त्याला कुणी घाई करू शकत नाही.

हे चोवीस तास मला आवडायचे. मी फार हळवी बाई नाही, पण त्या दिवसांत प्लँटमध्ये एक गुंगी असायची ती मला जाणवायची. कॉम्प्रेसरचा आवाज छातीत घुमायचा आणि थोड्या वेळाने ऐकू येईनासा व्हायचा. इंजिनाचं मोठं चाक फिरता फिरता जागच्या जागी थांबल्यासारखं दिसायचं. बाहेर टळटळीत ऊन, समुद्राकडून खारा वारा, आणि त्या उन्हात उभ्या असलेल्या एका उघड्या नळीवर आधी दव, मग पांढरी साय, मग बोटभर जाडीचं हिम. नळीच्या खाली जमिनीवर धुकं सांडायचं आणि सावकाश पायऱ्या उतरून गटाराकडे जायचं. कावळे त्या धुक्यात चोच घालून बघायचे आणि मागे सरायचे. काट्यांवर आकडे उतरत जायचे, उणे पन्नास, उणे ऐंशी, उणे एकशे वीस, आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या कुठल्यातरी खोल विहिरीच्या पायऱ्या उतरतो आहोत असं वाटायचं.

वर्षातून दोन-तीन वेळा हे सगळं बंद करावं लागे. हवेबरोबर थोडीशी ओल, थोडा कार्बन डायऑक्साइड चोरून आत जायचाच. आत जाऊन तो गोठायचा आणि नळ्यांमध्ये साचायचा. मग प्लँट थांबवून आत गरम कोरडी हवा सोडायची, सगळं वितळवून बाहेर काढायचं आणि पुन्हा पहिल्यापासून गार करायला घ्यायचं.

दिवाळीनंतरच्या अशाच एका मंगळवारी, प्लँट गरम असताना, सकाळी नऊला गेटवर एक मोटरसायकल आली. तिच्या मागे मासळीची लाकडी पेटी दोरीने बांधलेली, आणि पेटीतून पाण्याची धार लागलेली.

गडी पालघरच्या गुरांच्या दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक होता. गावोगाव जाऊन गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं त्याचं काम. लोक त्याला डॉक्टरच म्हणायचे, आम्हीही म्हणायला लागलो. सांगलीकडचा, तिशीचा, उन्हाने रापलेला. त्याने पेटी उघडली. आत फोडलेला बर्फ, वर ओलं गोणपाट, आणि मध्ये ॲल्युमिनियमचा कॅन, दुधाच्या किटलीएवढा.

“मॅडम, नायट्रोजन पायजे,” तो म्हणाला. “आत्ताच्या आत्ता.”

“हा बर्फ कशाला?”

“थंड राहावं म्हणून. सातपाटीहून घेतला. सगळी मासळी त्यातच ऱ्हाती की.”

आमच्या प्लँटचे मुख्य ऑपरेटर, साठीला आलेले, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते तंबाखू मळत जवळ आले होते. ते हसू लागले. मी म्हटलं, “अहो, तुमच्या कॅनमध्ये शून्याखाली एकशे शहाण्णव आहे. त्याच्यासाठी हा बर्फ म्हणजे पेटलेली चूल.”

चहाची किटली घेऊन घिवली गावची मावशी उभी होती. ती आमचं कँटीन चालवायची आणि पहाटे सुकी मासळी विकून यायची. ती म्हणाली, “चूल? बर्फाची? मग आमी काय पापलेटा चुलीवर ठेवतो काय ग बाय?”

“पापलेटासाठी बर्फ ठीक आहे, मावशी.”

“मंग बरा. मना वाटला जन्म फुकट गेला.”

खरं सांगायचं तर उन्हापेक्षा बर्फ बराच बरा. चूक दुसरीच होती. ओलं गोणपाट बुचावर बसल्याने बुचाभोवती बर्फाचं कडं धरलं होतं आणि आतली वाफ कोंडत होती. ती कोंडली की कॅन फुटू शकतो. आतल्या द्रवाला सतत थोडंथोडं उडून जाऊ द्यावं लागतं, तो उडतो म्हणूनच उरलेला थंड राहतो. मी चमच्याच्या दांडीने ते कडं फोडलं. फुस्स आवाज झाला आणि पांढरी वाफ डॉक्टरच्या सदऱ्यावरून खाली घसरली. तो एकदम मागे सरला, मग जवळ येऊन लहान पोरासारखा तिच्यात हात फिरवू लागला.

मोजायची रीत अशी. एक काळी पट्टी आत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची. जिथपर्यंत द्रव असेल तिथपर्यंत पट्टीवर हिम चढतं. पट्टीवर तीन बोटं हिम चढलं. कॅनच्या बाहेरच्या अंगाला घाम आलेला होता, म्हणजे दोन भिंतींमधली पोकळी गळायला लागली होती आणि द्रव नेहमीपेक्षा लवकर उडत होता. उद्या संध्याकाळपर्यंत तो टिकला तर नशीब.

“आत काय आहे?” मी विचारलं.

त्याने सांगितलं. कांड्या. रिफिलपेक्षा थोड्या जाड प्लॅस्टिकच्या नळ्या, आत चांगल्या वळूंचं वीर्य गोठवलेलं. परवा सकाळी त्याला डोंगराकडच्या एका पाड्यावर जायचं होतं. तिथल्या लोकांकडे पावसाच्या पाण्यावर पिकणारं एवढंसं शेत आणि दारात एखाद-दुसरी गाय. भात झोडून झालं की निम्मी माणसं कामाला बाहेर पडतात. त्याआधी या, सगळ्या गाई एका जागी आणून ठेवतो, असं त्यांनी सांगितलं होतं. गेल्या वर्षी तो गेला होता आणि एकही गाय गाभण राहिली नव्हती. कांड्याच मेलेल्या होत्या, त्यालाही ते नंतर कळलं.

“एक म्हातारी मला म्हणते कशी,” तो सांगत होता, “डॉक्टर, तुजी नळी रिकामी हाय, उगा गायीला टोचू नको. सगळा पाडा हसला. आता औंदा पुन्हा बोलावलंय ते माझ्या नाकदुऱ्या काढून नव्हे, मी त्यांच्या काढल्यात. या वेळी फसलं तर माझ्या हातात कुणी शेळीसुद्धा देणार नाही.”

नायट्रोजन पोचवणारी गाडी बिघडली होती. दुसरीकडून आणायचा तर मुंबईच्या बाजूला जावं लागलं असतं, आणि गळक्या कॅनला तो प्रवास झेपणारा नव्हता. आमचा प्लँट मात्र आज गरम होता.

“कधी मिळंल?” त्याने विचारलं.

मामांनी चुन्याची डबी मिटली. “दुपारी चालू करतो. उद्या दुपारपर्यंत थेंब दिसंल. थंडी आपल्या पायांनी येते, डॉक्टर. तिला मोटरसायकल नाय.”

दुपारी बाराला कॉम्प्रेसर सुरू झाला. आणि इथे माझं काम होतं.

हवा कोल्ड बॉक्समध्ये जाण्याआधी कॉस्टिक सोड्याच्या वेगळ्या मनोऱ्यातून जायची. तिथे कार्बन डायऑक्साइड काढून घेतला जायचा. तो खरंच निघाला की नाही हे बघायला माझ्याकडे बॅरायटाचं पाणी असायचं, अगदी निवळ. त्यातून ती हवा बुडबुड्यांनी सोडायची. पाणी दुधाळ झालं तर हवा नापास. नियम पंधरा मिनिटांचा. पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून बुडबुडे बघायचे. मामा तेवढ्या वेळात तंबाखू मळून, खाऊन, थुंकून यायचे.

त्या दिवशी पाच मिनिटं झाली. पाणी काचेसारखं होतं. खिडकीतून डॉक्टर दिसत होता, उंबराच्या सावलीत कॅनजवळ उकिडवा बसलेला, पट्टी हातात. मी विचार केला, कॉस्टिक कालच बदललं आहे, पाणी निवळ आहे, दहा मिनिटं वाचतील. मी नळी काढली, बाहेर आले आणि मामांना म्हणाले, “पास. सोडा.”

मामांनी माझ्याकडे पाहिलं. तंबाखू अजून त्यांच्या तळहातावरच होती. “झाली?” ते म्हणाले. मी म्हटलं, “झाली.” त्यांनी हवा आत सोडली.

दुपार नेहमीसारखी गेली, म्हणजे छान. इंजिनाचं चाक फिरत होतं. काटे उतरत होते. चार वाजता नळीवर पहिलं दव धरलं आणि पाच वाजता ते पांढरं झालं. वसाहतीच्या रस्त्यावरून गवताचे ट्रक जात होते, मुंबईच्या तबेल्यांकडे. त्यांतून उडालेल्या काड्या येऊन त्या हिमावर चिकटत आणि पांढऱ्या होत. डॉक्टरला हा सगळा प्रकार बघून झोप आली. तो कॅनला एक हात लावून झाडाखाली झोपला. मावशीने त्याच्यावर गोणपाट टाकलं. “बर्फाचा नाय, सुका हाय,” ती मला म्हणाली.

साडेपाचच्या बसने मी घरी गेले. जेवले, भांडी घासली, झोपले. मला सहसा स्वप्नं पडत नाहीत. त्या रात्री मी झोपेतही काटे बघत होते आणि ते उतरतच होते, शेवटच्या आकड्याच्याही खाली, जिथे आकडेच नाहीत तिथे.

बुधवारी सकाळी बस गेटात शिरली तेव्हाच मला आवाज बदललेला वाटला. मामा व्हॉल्व्हपाशी उभे होते. पहाटेपर्यंत सगळं नीट चाललं होतं. इंजिनाने आपलं काम पुरं केलं होतं, हवा पुरेशी गार झाली होती, म्हणून सहाला मामांनी व्हॉल्व्हमधून सोडायला सुरुवात केली. आणि तासाभरात व्हॉल्व्ह चोंदला. वरचा दाब वाढत गेला, खालचा पडत गेला. आत गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडने भोक बुजवलं होतं.

“बाई,” मामा म्हणाले, “पाणी किती वेळ बघितलात?”

“पाच मिनिटं.”

ते कॉस्टिकच्या मनोऱ्याकडे वळले. आम्ही मागे जाऊन पाहिलं, तेव्हा कळलं की कॉस्टिकच्या पंपाने सुरुवातीला हवा धरली होती आणि मनोऱ्यात पहिला अर्धा तास धार नीट पडलीच नव्हती. माझं पाणी पाच मिनिटं निवळ राहिलं ते नळीत आधीपासून राहिलेल्या स्वच्छ हवेमुळे. ती संपून खरी हवा माझ्यापर्यंत यायलाच सात-आठ मिनिटं लागतात. पंधरा मिनिटांचा नियम कुणीतरी उगाच केला नव्हता. नंतरच्या दर तासाच्या तपासण्या सगळ्या पास होत्या, आणि त्यांचा आता काही उपयोग नव्हता.

“आता?”

“आता व्हॉल्व्हपुरती गरम हवा सोडायची. वितळवायचा. पुन्हा गार करायचा. पाच तास गेले.” त्यांनी तळहात झटकला. “मी पण थांबवलं नाय तुमाला. तंबाखू मळायची ऱ्हायली होती, तेव्हाच कळायला पायजे होता.”

मी झाडाखाली गेले. डॉक्टरने पट्टी बुडवून काढली. एक बोट.

“उशीर होणार आहे,” मी म्हटलं. “अकराला मिळालं असतं ते आता चारच्या पुढे. चूक माझी आहे. तपासणी पंधरा मिनिटं करायची असते, मी पाच मिनिटांत उरकली.”

त्याने पट्टी खाली केली. “का वो?”

“तुमची घाई बघून.”

“म्हंजे माझ्यामुळंच?”

“नाही. घाई तुमची, पण पाणी मी बघत होते.”

त्याने पट्टी गुडघ्यावर आपटली. मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही निदान सांगितलं तरी. मला गेल्या वर्षीच्या कांड्या कधी मेल्या तेबी कुणी सांगितलं नव्हतं.”

मावशी चहा घेऊन आली. “घ्या डॉक्टर. तोंड बगा कसा झाला, सुक्या बोंबलावानी.”

मग ती लांबलचक दुपार. त्या दुपारचे तुकडेच मला आठवतात. व्हॉल्व्हवरचं हिम वितळून टपटपत होतं, आणि खालच्या गार नळीवर पडून पुन्हा गोठत होतं. माझ्या प्रयोगशाळेत मी दर पाच मिनिटांनी पाणी बघत होते, कुणी सांगितलं नसताना. बुडबुडे वर यायचे, फुटायचे, पाणी निवळ राहायचं. बाहेर डॉक्टर पट्टी बुडवायचा, हलवायचा, डोळ्यांजवळ न्यायचा. बारा वाजता नखाएवढं हिम. एकला पट्टीच्या टोकाला नुसती पांढरी कड. दोनला काळी पट्टी काळीच बाहेर आली. तो ती हवेत हलवत राहिला, जणू हलवल्याने काही येणार होतं.

“संपलं,” तो म्हणाला.

“द्रव संपला. आत अजून थंडी आहे. बूच काढू नका, हात लावू नका, सावली सोडू नका.”

तीनला कोल्ड बॉक्समधल्या मनोऱ्याच्या तळाशी द्रव दिसायला लागला. मामांनी थर्मास धरून थोडा काढून आणला. निळसर होता, अगदी फिका, चादरीला नीळ जास्त झाल्यावर दिसते तसा, आणि वर त्याचीच वाफ. तिघं बघत राहिलो. मी तो रंग रोज बघत होते तरी प्रत्येक वेळी मला तो कुठूनतरी लांबून आल्यासारखा वाटायचा.

“हेच द्या की,” डॉक्टर म्हणाला.

“थंडीला काय कमी नाय,” मामा हळूच म्हणाले. “नायट्रोजन वरच्या कप्प्यात जमायला अजून तासभर. हा आत्ता हाय.”

तळाचा हा द्रव ऑक्सिजनने भरलेला असतो. थंडी कांड्यांना पुरली असती, हे मामांचं खरं होतं. पण त्यात प्लॅस्टिकच्या कांड्या बुडवायच्या, वर तेलकट बूच, आणि तो कॅन पेट्रोलच्या टाकीमागे बांधून वीस किलोमीटर न्यायचा. ऑक्सिजनला पेटायला फार निमित्त लागत नाही. काल माझ्याच घाईने पाच तास घालवले होते. तीच घाई पुन्हा करायची मला इच्छा नव्हती.

“नाही,” मी म्हटलं. “एक ठिणगी पडली तर तुम्ही आणि तुमचा कॅन, दोघंही शोधावे लागतील.”

“मी बिडीबी ओढत नाही, मॅडम.”

“तुमच्या मोटरसायकलला कोण सांगणार?”

त्याने हात जोडले, रागाने की हसून ते कळलं नाही. मग तो उठून फाटकापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. मी त्याला थांबवलं नाही. मामांनी थर्मास अंगणात ओतला. निळा द्रव फरशीवर गोल गोल पळाला आणि धुकं होऊन गेला. फरशी कोरडीच्या कोरडी.

साडेचारला नायट्रोजन आला.

मी कातडी हातमोजे घातले, तोंडावर काच ओढली. कॅनचं बूच डॉक्टरने काढलं. मग मी त्याला दूर उभं केलं. गरम भांड्यात हा द्रव ओतला तर तो तापलेल्या तव्यावर पाणी टाकल्यासारखा ओरडतो आणि सगळाच्या सगळा उसळून बाहेर येतो. गार भांड्यात तो गुपचूप उतरतो. म्हणून मी ओतताना बघत नव्हते, ऐकत होते. पहिली धार ओरडली. डॉक्टरने डोळे मिटले. मी थांबले, मग पुन्हा बारीक धार धरली. आवाज खाली खाली गेला, कुजबुजीएवढा झाला, आणि थांबला. मग कॅन मुकाट भरत गेला.

“म्हंजे?” त्याने विचारलं.

“म्हणजे वरचा भाग तापला होता, तळ गार होता. कांड्या कुठे होत्या ते तुम्हाला माहीत.”

“दोन थरात. एकावर एक.”

“मग बघावं लागेल.”

साडेपाचच्या बसमध्ये कॅन माझ्या पायांपाशी उभा करून मी पालघरला निघाले. मोटरसायकलवर तो हिंदकळला असता. डॉक्टर मागून येत होता. बसमधल्या बायकांनी पाय वर घेतले. बुचातून वाफ येत होती आणि ती खाली पसरून सगळ्यांच्या चपलांवरून चालली होती. दोन्ही बाजूंना कापणी झालेली शेतं, पिवळी, आणि त्यावर ऊन कलंडलेलं. त्या उन्हातून आपण गोठलेले वळू घेऊन चाललो आहोत हा विचार माझ्या मनात आला आणि मला हसू फुटलं.

गुरांच्या दवाखान्यात एक टेबल, एक दिवा, एक सूक्ष्मदर्शक होता. डॉक्टरने वरच्या थरातली एक कांडी चिमट्याने काढली, कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली, टोक कापलं आणि थेंब काचेवर घेतला. बघितलं. माझ्याकडे सरकवलं. राखाडी पाण्यात बारीक बारीक ठिपके, शेपट्यांसकट, सगळे निपचित. त्याने दुसरी कांडी काढली, तिसरी काढली. तेच.

“वरचा थर गेला,” तो म्हणाला.

मी मान हलवली. वरचा थर माझ्या दहा मिनिटांत गेला होता.

मग त्याने खालच्या थरातली एक काढली. पाण्यात धरली. या वेळी त्याने आधी मलाच बघायला दिलं, त्याच्याने बघवत नव्हतं म्हणून.

पहिल्यांदा मला काहीच दिसलं नाही. मग नजर बसली. सगळा गोल उजेड हलत होता. सुगीच्या दिवसांत संध्याकाळी दिव्याभोवती किडे असतात तसे, पण एकमेकांना न अडखळता, सगळे कुठेतरी निघालेले. महिनोनमहिने ते उणे एकशे शहाण्णवमध्ये पडून होते. तिथे काही सडत नाही, काही वाढत नाही, वेळ असा जातच नाही. आणि अर्ध्या मिनिटात, कोमट पाण्यात, ते जिथे थांबले होते तिथून पुढे निघाले होते.

“जिवंत आहेत,” मी म्हटलं.

तो खाली बसला. खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसला. मग उठून त्याने स्वतः बघितलं, खूप वेळ. नंतर त्याने चिमट्याने खालचा थर मोजला. बारा होत्या, त्यातली एक आम्ही आत्ता वापरली.

“अकरा,” तो म्हणाला. “मी चाळीसेक गाई बांधून ठेवायला सांगितल्यात, मॅडम. आता कुणाला हो म्हणू आणि कुणाला नाही? म्हातारी तर पहिली उभी राहंल.”

“सगळ्या गाई उद्या माजावर असतील का?”

“न्हाई. कशा असतील? असतील आठ-दहा.”

“मग तुम्हाला निवडायचंय कशाला? गाईच निवडतील.”

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग त्याने बूच बसवलं, कॅनवर सुका टॉवेल गुंडाळला आणि सकाळी साडेपाचला निघायचं म्हणून मोटरसायकलच्या टाकीत पेट्रोल आहे का ते बघायला बाहेर गेला.

मी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काच गार होत चालली होती, त्यामुळे ते जरा मंदावले होते, पण अजून निघालेलेच होते.